दिवा कोणासाठी? खांदेरी ते कोर्लई : दीपगृहांच्या वाटेवरचा एक संथ प्रवास



आजचा विषय फलकावर वाचून दारात दोघा-तिघांनी विचारलंच, की रामवाडीत बसून दीपगृहांवर काय बोलणार? इथून समुद्र दिसत नाही. दिसतो तो महामार्ग, एसटीच्या गाड्या, आणि थोडं पुढे गेलं की मिठागरं. प्रश्न रास्त आहे. पण जरा पाणी बघा. पेणची भोगावती जाते ती धरमतरच्या खाडीकडे, आणि ती खाडी उघडते मुंबई बंदराच्या तोंडाशी. रोह्याची कुंडलिका निघते ती थेट रेवदंड्याला समुद्राला मिळते. म्हणजे आपल्या दोन तालुक्यांच्या पाण्याला दोन दारं आहेत. पहिल्या दारातून बाहेर पडून दक्षिणेला वळलं की खांदेरीचं दीपगृह लागतं, दुसऱ्या दारावर कोर्लईचं. रस्ते आणि रेल्वे यायच्या आधी आपली माणसं, आपलं मीठ, आपला तांदूळ याच दारांतून बाहेर गेला. तेव्हा हा विषय इथलाच आहे.

आज मी तुम्हाला एक सहल सांगणार आहे. चार-पाच दिवसांची, तंबू घेऊन, घाई न करता करायची. आणि त्या सहलीत एक प्रश्न बरोबर घ्यायचा आहे. समुद्रावर दिवा लावला, तो कोणासाठी लावला?

दीपगृहं बघत फिरण्याची रीत

अमेरिकेत आणि कॅनडात पाच मोठी सरोवरं आहेत. सरोवर म्हटलं की आपल्याला तलाव आठवतो, पण सुपीरियर किंवा मिशिगनच्या काठावर उभं राहिलं तर पलीकडचा किनारा दिसत नाही. लाटा, वादळं, बुडालेली जहाजं, सगळं समुद्रासारखंच. एकट्या मिशिगन राज्यात शंभराहून जास्त दीपगृहं आहेत. तिथे लोक उन्हाळ्यात गाडीत तंबू, शिधा, मुलं घालून निघतात आणि सरोवराला वळसा घालत एकेक दीपगृह बघत जातात. रोज थोडंच अंतर. संध्याकाळी दिवा बघायचा, रात्री तिथेच जवळपास मुक्काम.

त्यातलं एक दीपगृह लक्षात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे. सुपीरियर सरोवराच्या काठावर कड्यावर उभं असलेलं ‘स्प्लिट रॉक’. १९०५ च्या नोव्हेंबरात तिथे भयंकर वादळ झालं. लोखंडाचं खनिज वाहणारी बरीच जहाजं फुटली. ती जहाजं बड्या पोलाद कंपन्यांची होती. कंपन्यांनी सरकारकडे तगादा लावला आणि १९१० मध्ये तिथे दिवा लागला. जहाज बुडालं, मालक वजनदार होता, पाच वर्षांत दीपगृह झालं. हे सूत्र ध्यानात असू द्या.

आता आपला किनारा. आपल्याकडे असं फिरायचं तर दिवाळीनंतर निघायचं आणि होळीच्या आत परतायचं. पावसाळ्यात समुद्र बंद असतो, होड्या वर ओढलेल्या असतात. रामवाडीहून निघालो की वडखळ, मग धरमतरचा पूल, पोयनाड, अलिबाग. एवढं अंतर तासाभराचं. पण आपण घाई करायची नाही म्हटलंय. धरमतरच्या पुलावरून खाली पाणी बघा. भरती आहे की ओहोटी?

हे विचारायचं कारण सांगतो. किनाऱ्यावरच्या माणसाचं घड्याळ म्हणजे भरती. आणि ती काढायची सोपी रीत सगळ्या किनाऱ्यावर आहे. चंद्राची तिथी घ्यायची आणि तिला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे साधारण तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. दिवसाही आणि रात्रीही. मिनिटाचा हिशेब चुकेल, पण होडी खडकावर बसणार नाही इतपत उत्तर बरोबर येतं. हे गणित ज्याच्या बोटांवर आहे, दोन डोंगर एका रेषेत आले की खाली खडक आहे हे ज्याला बापाने दाखवलंय, त्याला किनाऱ्याजवळ दिव्याची गरज कमी. त्याचा दिवा डोक्यात असतो. हा मुद्दा घेऊन आपण खांदेरीला जाऊ.

अंधाराचं बेट

अलिबागच्या उत्तरेला थळ. थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर दोन बेटं दिसतात. जवळचं उंदेरी, पलीकडचं मोठं खांदेरी. खांदेरीवर दीपगृहाचा मनोरा दिसतो. थळहून कोळ्यांच्या होड्या जातात. भरती-ओहोटी आणि परवानगी यांची चौकशी आदल्या दिवशीच करून ठेवावी.

१६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी या बेटावर किल्ला बांधायला माणसं पाठवली. पुढारी होते मायनाक भंडारी. मागून दौलतखानाचं आरमार आलं. मुंबईच्या इंग्रजांना हे बेट म्हणजे आपल्या दारात रोवलेली मेख वाटली, आणि ती होतीच. त्यांनी गलबतं पाठवून बेटाला वेढा घातला. बेटावर पाणी तुटपुंजं, धान्य नाही, दारूगोळा नाही. सगळं थळ-नागावच्या किनाऱ्यावरून न्यायचं. आणि मध्ये इंग्रजांची मोठी जहाजं.

मग काय झालं? रात्र पडली की किनाऱ्यावरून लहान, उथळ तळाची, वल्ह्यांची गलबतं निघत. दिवा नाही, आवाज नाही. मोठ्या जहाजाला वारा लागतो, खोल पाणी लागतं, आणि अनोळखी खडकांत रात्री हलायची छाती होत नाही. लहान होडीला वारा नसला तरी चालतं, आणि खडक कुठे आहेत ते तांडेलाला पाठ. सकाळी बघावं तर बेटावर शिधा पोचलेला. मुंबईच्या इंग्रजांनी लिहिलेल्या पत्रांत या लहान गलबतांबद्दलची चरफड स्पष्ट दिसते. ऑक्टोबरात मोठी लढाई झाली, त्यात इंग्रजांचं एक जहाज मराठ्यांच्या हाती लागलं. शेवटी १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी माघार घेतली. उंदेरी सिद्दीने बळकावलं, खांदेरी मराठ्यांकडे राहिलं.

पुढे तिथे कान्होजी आंग्रे आले. १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून खांदेरी घ्यायला आला आणि हात हलवत परत गेला. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले, तेही फसलं. शंभरेक वर्षं हा किनारा इंग्रजांसाठी रात्रीचा अवघडच राहिला. म्हणजे बघा, या बेटावर अंधार हे हत्यार होतं. ज्याला पाणी ठाऊक, त्याच्या बाजूने अंधार. ज्याला ठाऊक नाही, त्याच्या विरुद्ध.

१८१८ मध्ये पेशवाई गेली आणि खांदेरी इंग्रजांच्या ताब्यात गेलं. १८४० मध्ये आंग्र्यांचं कुलाबा संस्थान खालसा झालं. आणि १८६७ साली, ज्या बेटावर इंग्रजांना अंधाराने हरवलं होतं, त्याच बेटावर त्यांनी दिवा लावला.

याला कुणी सूड म्हणेल. मी तसं म्हणणार नाही. तो व्यापार होता. सन बघा. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध. तिकडचा कापूस इंग्लंडला जाणं थांबलं, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, बंदरात जहाजांची गर्दी झाली. १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला. त्याच्या दोन वर्षं आधी खांदेरीचा दिवा लागला. त्याच १८६७ साली रत्नागिरीलाही दीपगृह झालं. १८७३ मध्ये मुंबई बंदराचा कारभार पोर्ट ट्रस्टकडे गेला. १८७५ मध्ये कुलाब्याच्या दांडीच्या टोकाला, भर समुद्रातल्या खडकांवर, ‘प्राँग्ज’ दीपगृह उभं राहिलं. थॉमस ऑर्मिस्टन या अभियंत्याचं काम. भरतीला त्याच्या पायाभोवती पाणी असतं. दक्षिणेकडून येणाऱ्या जहाजाला आधी खांदेरी दिसणार, मग प्राँग्ज, मग बंदर. परक्या कप्तानाचा हात धरून त्याला घरात आणावं तशी ही रांग.

आपल्या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथे मिळतं. दिवा परक्यासाठी असतो. ज्याला किनारा माहीत नाही, पण ज्याच्या जहाजात लाखाचा माल आहे, त्याच्यासाठी. आता लगेच कुणी म्हणू नका की मग तो वाईट. उजेड पडला की तो सगळ्यांनाच मिळतो. थळचा कोळीही त्या उजेडात घरी येतोच. पण लावताना कोण डोळ्यांसमोर होतं, हे इतिहासाने विचारायचं असतं.

खांदेरीवर गेलात की किल्ल्याची तटबंदी आणि तोफा बघाच. वेताळाचं देऊळ बघा, कोळ्यांचं ते श्रद्धास्थान आहे. आणि ठोकली की धातूसारखी वाजणारी शिळा आहे, तिच्याभोवती मुलांची गर्दी असतेच. या बेटाला आता कान्होजी आंग्रे यांचं नाव दिलेलं आहे. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात खांदेरी आहे. वारशाचा किल्ला आणि चालू दीपगृह एकाच बेटावर, ही गोष्ट जगात फार ठिकाणी सापडायची नाही.

उजेडाचं गणित

संध्याकाळी परत थळला या. आता रात्रीचा मुक्काम. किनाऱ्यावर तंबू टाकायचा तर भरतीची रेषा सोडून, सुरूच्या झाडांकडे, आणि ज्याची जागा आहे त्याला विचारून. जेवण उरका आणि समोर बघत बसा. खांदेरीचा दिवा लागेल. झोत येईल, जाईल, काळोख होईल, पुन्हा येईल. मुलांना घड्याळ द्या आणि सेकंद मोजायला सांगा.

हे मोजणं खेळ नाही, हीच दीपगृहाची भाषा आहे. प्रत्येक दीपगृहाला स्वतःची लय दिलेली असते. किती झोत, किती सेकंदांनी. दोन शेजारच्या दीपगृहांची लय सारखी ठेवत नाहीत. कप्तान दुरून लय मोजतो, पुस्तकात बघतो आणि म्हणतो, ही खांदेरी. दिवा नुसता ‘इथे खडक आहे’ असं सांगत नाही, तो आपलं नाव सांगतो.

दुसरी गोष्ट अंतराची. पृथ्वी गोल असल्यामुळे दिवा कितीही प्रखर असला तरी क्षितिजापलीकडे दिसत नाही. म्हणून उंची लागते. २५ मीटर उंचीवरच्या दिव्याचं क्षितिज साधारण १९ किलोमीटरवर. हीच उंची चौपट करून १०० मीटर केली तर अंतर चौपट होत नाही, दुप्पट होतं, साधारण ३८ किलोमीटर. बघणारा जहाजावर उंच उभा असेल तर त्यात आणखी भर पडते. म्हणून दीपगृहं टेकडीवर, किल्ल्यावर बांधलेली दिसतात. टेकडी फुकटची उंची देते.

तिसरी गोष्ट भिंगाची. साधी ज्योत चारी दिशांना उजेड सांडते, त्यातला बराचसा आकाशात आणि जमिनीवर वाया जातो. फ्रान्सच्या ऑग्युस्तँ फ्रेनेलने १८२० च्या सुमारास यावर तोड काढली. एक प्रचंड जाड भिंग करण्याऐवजी काचेच्या कड्या एकाभोवती एक अशा रचायच्या, की सगळा उजेड वळून आडव्या झोतात यावा. मग तेलाच्या दिव्याचा उजेडही कोसांवर पोचू लागला. ते भिंग फिरवायला घड्याळासारखं यंत्र. वजन दोरीने वर चढवायचं, ते हळूहळू खाली येताना चाकं फिरवायचं. खाली आलं की रखवालदाराने परत चढवायचं. रात्रभर. वीज येण्याआधी दीपगृह म्हणजे माणसाचं जागरण होतं. बायकामुलं बरोबर, नाहीतर गावाला, आणि पावसाळ्याचे चार महिने बेटावर अडकलेला माणूस. आपण उजेड बघतो तेव्हा हे जागरण विसरू नये.

जिथे दिवा पुरला नाही

आता मी जो भाग सांगणार आहे तो पेणकरांना, अलिबागकरांना नवा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अलिबागहून उत्तरेला रेवसला जा. धक्क्यावर उभे राहा. समोर मुंबई, उजव्या हाताला धरमतरची खाडी.

रस्ता नीट नव्हता तेव्हा मुंबईला जायचं ते इथून. आधी शिडाची पडावं, मग आगबोटी. आगबोट आली आणि एक मोठा बदल झाला, तो आपण सहसा बोलत नाही. पडावात बसलेला माणूस तांडेलाला ओळखत असे. आभाळ कसं आहे, आज सोडायचं का, हा निर्णय पाणी जाणणारा माणूस घेई, आणि तो स्वतः त्याच पडावात बसलेला असे. आगबोटीत आपण तिकीट काढून बसलो. वेळापत्रक कंपनीचं, गर्दी किती घ्यायची ते कंपनीचं, हवामान बिघडलं तर निघायचं की नाही हेही कंपनीचं. किनाऱ्याचं ज्ञान असलेला माणूस उतारू झाला.

१९२७ च्या नोव्हेंबरात एका वादळात ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन आगबोटी एकाच दिवशी बुडाल्या. आणि वीस वर्षांनी, १७ जुलै १९४७ ला, ‘रामदास’.

स्वातंत्र्याला महिना राहिला होता. आषाढ संपत आला होता, अवसेचा सुमार. दिव्याची अवस म्हणतो ना आपण, घरोघरी दिवे घासूनपुसून पाटावर मांडायचे, ती. सणासाठी गावाकडे निघालेली माणसं, कामकरी, व्यापारी, बायका, पोरं. रामदास सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. तास-दीड तासाचा प्रवास. बाहेर पडल्यावर वारा आणि पाऊस वाढला. काशाच्या खडकाजवळ लाटेने बोट एका बाजूला कलली, उतारू घाबरून दुसऱ्या बाजूला धावले, आणि बोट उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. मुंबईला बातमी कळायला दिवस कलला. जी माणसं वाचली त्यातली कित्येक रेवसच्या कोळ्यांनी पाण्यातून काढली. त्यांनी होडीतली मासळी समुद्रात टाकून माणसं भरून घेतली, असं आजही या किनाऱ्यावर सांगतात.

आता दीपगृहाचा हिशेब करा. वेळ सकाळची. खांदेरीचा मनोरा ऐंशी वर्षांपासून उभा. प्राँग्ज त्याच्याही अलीकडे. दोन्ही दीपगृहं जागच्या जागी, आणि त्यांच्या आतल्या बाजूला, बंदराच्या पाण्यात, किनारा जवळ असताना सहाशे माणसं गेली. इथे दिव्याचा दोष नाही. दिवा खडक दाखवतो. बोटीत किती माणसं घ्यावीत ते तो सांगत नाही. पावसाळ्यात सोडू नका असं तो सांगत नाही. तारायंत्र बसवा, तरंगणारी कडी पुरेशी ठेवा, हे तो सांगत नाही. ते कायद्याने आणि कायदा पाळणाऱ्या माणसाने सांगायचं असतं.

त्या अमेरिकन सरोवराकडे परत वळू. १० नोव्हेंबर १९७५ ला सुपीरियर सरोवरात ‘एडमंड फिट्झेराल्ड’ हे प्रचंड खनिजवाहू जहाज वादळात बुडालं. २९ खलाशी होते, एकही वाचला नाही. मघाशी सांगितलेलं स्प्लिट रॉक दीपगृह १९६९ मध्येच बंद झालेलं आहे. पण दर वर्षी १० नोव्हेंबरला तिथे त्या २९ माणसांची नावं वाचतात आणि बंद दीपगृहाचा दिवा त्या संध्याकाळी पेटवतात. सरोवरकाठची माणसं दुरून येऊन तिथे उभी राहतात. दिव्याचा हा तिसरा उपयोग. आधी वाट दाखवणं, मग नाव सांगणं, आणि शेवटी आठवण ठेवणं.

कायदा, कर आणि कोर्लई

तिसरा दिवस. अलिबागहून दक्षिणेला चौल, रेवदंडा. कुंडलिकेवरचा पूल ओलांडला की साळाव, आणि पुढे कोर्लई. रोह्याचं पाणी इथे समुद्राला मिळतं.

रस्त्यात एक सन सांगतो, १९२७. दोन बोटी बुडाल्या त्याच वर्षी, त्याच्या दोन महिने आधी, हिंदुस्थानचा दीपगृह कायदा झाला. त्याआधी प्रत्येक प्रांताचा, प्रत्येक बंदराचा वेगळा कारभार. या कायद्याने दीपगृहांचे दोन भाग केले. दूरच्या जलवाहतुकीला लागणारी ‘सर्वसाधारण’ दीपगृहं मध्यवर्ती सरकारकडे, आणि एखाद्या बंदरापुरती ‘स्थानिक’ दीपगृहं स्थानिक अधिकाऱ्यांकडे. खर्च जहाजांवरच्या करातून. पन्नास टनांखालच्या जहाजांना कर माफ. म्हणजे कोळ्याच्या होडीला दिवा फुकट. हे चांगलंच. पण उलट बाजूही आहे. जो कर देतो त्याच्या वाटेवर आधी दिवा लागतो. सन लावून बघा. गोव्यात आग्वादला पोर्तुगीजांचं दीपगृह १८६४. खांदेरी, रत्नागिरी १८६७. प्राँग्ज १८७५. देवगड १९१५. जयगड १९३२. आणि कोर्लई १९५५. मोठ्या बंदराचं तोंड आधी उजळलं, लहान खाड्यांची तोंडं मागाहून.

कोर्लईचं ठिकाण मात्र जुनं. डोंगराची सोंड समुद्रात घुसलेली, तिच्यावर किल्ला. अहमदनगरच्या निजामशाहीकडून पोर्तुगीजांनी तो १५९४ मध्ये घेतला. पलीकडच्या काठावर त्यांचं रेवदंडा, म्हणजे त्यांचं चौल. दोन्ही बाजूंनी तोफा, मध्ये कुंडलिकेचं मुख. १७४० च्या सुमारास हा सगळा पट्टा मराठ्यांकडे आला. राज्य गेलं, पण गावातल्या ख्रिस्ती कुटुंबांत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली एक बोली राहिली. ती माणसं तिला ‘नौ लिंग’ म्हणतात, म्हणजे आमची भाषा. आज ती बोलणारी माणसं मोजकीच आहेत. दीपगृह बघायला जाताना याच गावातून जावं लागतं. गाडी हळू चालवा, आणि कुणी बोलत असेल तर कान द्या. विझत चाललेला तोही एक दिवाच आहे.

कोर्लईचं दीपगृह किल्ल्याच्या पायथ्याशी, समुद्राच्या बाजूला आहे. संध्याकाळच्या ठराविक वेळात तिकीट काढून आत सोडतात. तिथून किल्ल्यावर जायला पायऱ्या आहेत. वर जा, आणि खाली कुंडलिकेचं पाणी समुद्रात शिरताना बघा. दोन रंग वेगळे दिसतात.

मुक्काम काशीद किंवा रेवदंड्याच्या आसपास होईल, तिथे तंबूत राहण्याची सोय मिळते. चौथ्या दिवशी मुरूड, जंजिरा, मग आगरदांड्याहून जंगलजेटीने गाडीसकट दिघी. दिघीच्या बाजूला नानवेलचं टोक आणि दीपगृह. पुढे दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याहून पुन्हा जंगलजेटी घेतली की बाणकोटची खाडी ओलांडून रत्नागिरी जिल्हा. तिथून परत फिरा किंवा जात राहा, दिवे गोव्यापर्यंत आहेत.

आता काय

१९२७ चा कायदा २०२१ मध्ये रद्द होऊन नवा कायदा आला. त्यात दिव्यांबरोबर जहाजांच्या रहदारीवर नजर ठेवणारी यंत्रणा, बुडालेल्या जहाजांवर खुणा लावणं, हे सगळं आलं. २०२४ च्या फेब्रुवारीत देशातल्या ७५ दीपगृहांवरच्या पर्यटन सुविधांचं लोकार्पण झालं. म्हणजे परक्या कप्तानासाठी लावलेला दिवा आता आपल्याला बघायला मिळतो.

इथे एका श्रोत्यांची चिठ्ठी आली आहे : “प्रत्येकाच्या खिशात उपग्रहावरून जागा दाखवणारं यंत्र असताना दीपगृह कशाला हवं?” चांगला प्रश्न. यंत्र सांगतं की तुम्ही नकाशावर कुठे आहात. बॅटरी संपली, संदेश अडला, नकाशा जुना असला, तर ते गप्प बसतं किंवा चुकीचं सांगतं. दीपगृह डोळ्यांना दिसतं. शहाणा तांडेल दोन्ही बघतो आणि ताडून घेतो. शिवाय आपण मघाशी पाहिलंच, की साधन कितीही चांगलं असलं तरी बोटीत किती माणसं घ्यायची हे शेवटी माणूसच ठरवतो. आज भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या नेणारी मोठी बोट जाते, त्याच पाण्यातून. तिच्यात बसताना अंगावर घालायचं जाकीट कुठे ठेवलंय ते एकदा बघून घ्या. ‘रामदास’चा इतिहास वाचल्याचा तेवढा उपयोग तरी झाला पाहिजे.

जाता जाता एक काम सांगतो. पेण, अलिबाग, रोहा भागातल्या कितीतरी घरांतून त्या दिवशी कुणीतरी गेलं, किंवा बोट चुकल्यामुळे वाचलं. त्या वेळी दहा वर्षांचं असलेलं मूल आज नव्वदीच्या जवळ आहे. घरात असं कुणी असेल तर या आठवड्यात त्यांच्याजवळ बसा, कोण कुठून निघालं होतं, बरोबर काय होतं, बातमी कशी कळली, ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. तारीख घाला, गावाचं नाव घाला, आणि वही गावच्या वाचनालयात ठेवा. सरोवरकाठची माणसं वर्षातून एकदा २९ नावं वाचतात. आपल्याकडे सहाशेहून जास्त नावं आहेत, आणि ती वाचायची तर आधी कागदावर यायला हवीत.